पडीक खाजणात पक्षी आणायचे, तर आधी उघाडीकडे पाहा

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या खाडीकाठच्या गावात खारबंदिस्तीचा बांध फुटून पंधरा वर्षे झाली, भातशेती बंद पडली आणि आता त्या चाळीसेक एकरांत पाणी, चिखल व कडेने तिवरे एवढेच उरले आहे, हे क्षेत्र पक्ष्यांसाठी राखून तेथे पक्षीनिरीक्षकांना बोलावता येईल का, आणि सुरुवात कांदळवनाची, म्हणजे खारफुटीची, रोपे लावून करावी की निरीक्षणाचा मनोरा बांधून. हे नक्कीच करता येईल, परंतु सुरुवात रोपांनीही करू नये आणि मनोऱ्यानेही करू नये. ती उघाडीपासून, म्हणजे पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटेपासून करावी. मी रायगड जिल्ह्यातील खारेपाटातला आहे. आमच्या गावच्या हद्दीतील असेच एक सोडून दिलेले खाजण आम्ही काही ग्रामस्थांनी मिळून गेल्या नऊ वर्षांत पुन्हा नांदते केले आहे, आणि त्यात जे चुकले व जे साधले त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

खारबंदिस्ती म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खाडीच्या भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचा, बाहेरच्या अंगाने दगड बसवलेला बांध घालतात आणि ओहोळाच्या तोंडाशी त्यात उघाडी ठेवतात. जुन्या पद्धतीची उघाडी म्हणजे एक दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडील तोंडावर वरून लटकणारी लाकडी झडप. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप घट्ट बसते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी झडप ढकलून निघून जाते. पूर्वी या बांधांची डागडुजी गावकी करत असे. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आल्यावर अनेक योजना सरकारकडे गेल्या. माझ्या पाहण्यात तरी, त्यानंतर चिंबोरीने पोखरलेले भोक त्याच दिवशी बुजवणारी माणसे कमी झाली आणि बहुतेक बांध अशा लहान भोकांपासूनच फुटले.

बांध फुटल्यावर खाजणाचे दोहोंपैकी एक होते. खिंडार रुंद आणि खोल असेल तर भरतीचे पाणी मोकळेपणाने येते-जाते, प्रत्येक वेळी थोडा गाळ ठेवून जाते, आणि पावसाळ्यात तरंगत आलेली तिवराची बीजे त्या गाळात आपोआप रुजतात. खिंडार अरुंद असेल, किंवा कोणी त्यात भराव टाकून पायवाट केली असेल, तर उधाणाचे पाणी कसेबसे आत शिरते आणि तेथेच कोंडते. हे दुसऱ्या प्रकारचे खाजण दुरून मोठे देखणे दिसते, कारण तेथे बारा महिने पाणी असते. परंतु त्या पाण्याची हालचाल थांबलेली असते, आणि पक्ष्यांना ते आपल्या आधी कळते. आपले खाजण कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवायला तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. दोन बांबू घ्यावेत, त्यांवर वीत-वीत अंतरावर रंगाने खुणा कराव्यात, एक बांबू खिंडाराच्या आत व एक बाहेर रोवावा, आणि एकदा अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, व एकदा पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत, दर तासाला दोन्ही बांबूंवरची पातळी वहीत लिहावी. ओहोटी लागल्यानंतर आतली पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा किती मागे राहते आणि शेवटी आत किती पाणी अडकून पडते, हे दोन आकडे हाती आले की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आम्ही ही मोजणी आधी केली नाही, आणि त्यापायी आमचे दोन हिवाळे वाया गेले. आमच्याकडचे खिंडार दर पावसाळ्यात रुंदावत होते आणि शेजारच्या पिकत्या शेतांपर्यंत खारे पाणी पोहोचू लागले होते, म्हणून वर्गणी काढून तेथे मोरी बसवून घेतली. कंत्राटदाराने सिमेंटचे दोन पाइप टाकले, मात्र त्यांचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा सुमारे दीड फूट उंच ठेवला. काम पाहायला आम्ही गेलो ते नेमके भरतीच्या वेळी; पाणी आत येताना पाहून सर्वांना समाधान वाटले. ओहोटीला दीड फूट पाणी आतच राहते हे दिवाळीनंतर लक्षात आले. फाल्गुनात ते पाणी तापले, वर हिरवी साय धरली, निवटे आणि कोळंबी मरून कडेला लागली, आणि संध्याकाळी बांधावर उभे राहवेना असा वास सुटला. आदल्या वर्षी शेकड्यांनी उतरणारे टिलवे आणि चिखल्या दिसेनासे झाले. राहिल्या त्या कडेच्या चार-दोन ढोकरी. पुढच्या वर्षी पाइप काढून तळ ओहोळाच्या पातळीला आणला आणि मोरीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खाचा ठेवून त्यांत सरकवता येतील अशा फळ्या बसवल्या. आता किती पाणी आत ठेवायचे हे एक-एक फळी घालून किंवा काढून ठरवता येते. या संपूर्ण कामातील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी त्या सागाच्या पाच फळ्या दाखवीन.

अशी उदाहरणे मोठ्या प्रमाणावरही आहेत. नवी मुंबईत नेरुळ येथील डीपीएस तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळीत ठाणे खाडीतील रोहित पक्षी भरतीच्या वेळी विसाव्याला येतात. तेथे खाडीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्यामुळे २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला. त्यानंतर २०२५ मध्ये त्या तीसेक एकरांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. उलट दिशेचे उदाहरण इंग्लंडमधील एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या वॉलासी बेटाचे आहे. तेथे बांध घालून शेकडो वर्षे शेती केलेल्या जमिनीवर, लंडनच्या भुयारी रेल्वेमार्गातून निघालेली तीस लाख टनांहून अधिक माती आणून आधी जमिनीची उंची हवी तशी घडवली, आणि मगच २०१५ मध्ये समुद्राकडचा बांध जाणूनबुजून फोडला. आपल्याला असा खर्च शक्य नाही, त्याची गरजही नाही. परंतु आधी जमिनीची आणि पाण्याची पातळी, नंतर बाकी सर्व, हा त्यांचा क्रम आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

पातळीवर इतका भर का, हे पक्ष्यांच्या बाजूने पाहिले की स्पष्ट होते. हिवाळ्यात आपल्या खाड्यांत येणारे बहुसंख्य पाणपक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने सायबेरिया आणि आसपासच्या प्रदेशांतून येतात, आणि त्यांचे खाणे चिखलात असते: कृमी, बारीक शिंपले, खेकड्यांची पिल्ले. हा चिखल ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला झाकला जातो, म्हणून त्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला त्यांना खाण्यासाठी उघडा चिखल लागतो, आणि भरती आली की चार-पाच तास उभे राहण्यासाठी उथळ पाण्याची, मोकळी, कुत्र्या-माणसांपासून दूर अशी जागा लागते. खाडीत चिखल बहुधा असतो. ही दुसरी, विसाव्याची जागा मात्र बांधकामे आणि भराव यांमुळे झपाट्याने नाहीशी होत आहे. आपले पडीक खाजण नेमकी तीच उणीव भरून काढू शकते, आणि म्हणून ते मोलाचे आहे.

एक प्रसंग सांगतो. गेल्या माघात ओहोटीच्या वेळी मी बांधाच्या आडोशाने बसलो होतो आणि तीसेक पावलांवर एक कोरल पक्षी चिखलात चालत होता. त्याने आपली लांब, खाली वळलेली बाकदार चोच एका बिळात जवळजवळ डोळ्यांपर्यंत घातली, मान किंचित फिरवली आणि एक खेकडा ओढून काढला. खेकडा नांग्या उगारून चोचीला धरू पाहत होता. कोरलाने त्याला झटके देत देत त्याचे पाय एकेक करून गळवले, मग उरलेला गोळा जवळच्या पाण्यात बुडवला आणि एका हिसक्याने गिळला. चिखल कोरडा पडून कडक झाला असता तर ती चोच आत शिरली नसती, आणि त्यावर हातभर पाणी असते तर पक्षी तेथे उभाच राहू शकला नसता. या सगळ्या कामात आपण सांभाळायचा असतो तो हाच मऊ ओला पट्टा.

आता रोपांविषयी, कारण आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख आहे आणि याबाबतीत मला फार कळकळीने सांगायचे आहे. आम्हीही दुसऱ्या वर्षी शाळेतील मुलांना घेऊन उघड्या चिखलावर तिवराची आणि कांदळाची दोन हजार रोपे लावली. निम्म्याहून अधिक रोपे पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेली. जी जगली ती चार वर्षांत डोक्याइतकी झाली आणि जेथे आधी शेकाटे व टिलवे विसावत तेथे दाट भिंत उभी राहिली. हे पक्षी झाडांच्या जवळ उतरत नाहीत. ससाणा किंवा भोवत्या कोठून येतो हे दिसावे म्हणून त्यांना चारही बाजूंना मोकळे रान लागते. कांदळवन अनमोल आहे, महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला तो योग्यच आहे, आणि असलेल्या एकाही तिवराला हात लावू नये. परंतु उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा आहे असे समजून तो झाडांनी भरणे ही चूक आहे. पाण्याची ये-जा सुरळीत झाली तर जेथे झाडे यायची तेथे ती स्वतःहून येतात. तमिळनाडूत पिचावरमलाही मुळात चर खणून भरतीचे पाणी आत फिरवल्यावरच उजाड जागी कांदळवन उभे राहिले. आपण इतकेच पाहावे, की चाळीसपैकी निदान निम्मे एकर उघडे राहतील.

त्या उघड्या भागात पाण्याची खोली सारखी नसावी. चिखल्यांसारख्या लहान पक्ष्यांना बोटभर पाणी पुरते, शेकाट्या आणि पाणटिवळा वीतभर पाण्यात चालतात, थापट्या आणि तलवार बदकांना हातभर पाणी हवे असते. त्यामुळे जुने शेतबांध उकरून सपाट करण्याचा मोह टाळावा. तेच अधूनमधून तोडून त्यांचे ठेंगणे उंचवटे राखले की भरतीला पक्षी त्यांवर रांगेने बसतात आणि उन्हाळ्यात टिटवी व शेकाट्या तेथे अंडी घालतात. आतला बांध, म्हणजे खाजण आणि पिकती शेते यांच्यामधला, मात्र आधी पक्का करून घ्यावा. खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेले किंवा एखाद्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, तर गाव आपल्या पाठीशी उभा राहणार नाही, आणि तो राग रास्त असेल.

पक्षीनिरीक्षकांना कधी बोलवावे, हे पंचांग पाहून सांगता येते. आमच्याकडचे आगरी-कोळी आजही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण; द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. पक्षी पाहायला उत्तम वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास, कारण चढते पाणी खाडीतल्या पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते. याचा अर्थ शुद्ध किंवा वद्य दशमीपासून द्वादशीपर्यंतच्या सकाळी सर्वांत चांगल्या, कारण तेव्हा हे दोन तास साडेपाच ते नऊ यांच्या दरम्यान पडतात आणि द्वादशीला तर सात ते नऊ या चांगल्या उजेडात. हा हिशेब मुंबई-अलिबाग पट्ट्याचा आहे. आपल्याकडे समुद्रावर भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि खाडीत आत शिरता शिरता ती पुन्हा मागे पडते, म्हणून बांबूवरच्या नोंदींवरून आपला फरक आपण काढावा. भरती-ओहोटीतले अंतरही दक्षिणेकडे कमी होत जाते. तेव्हा आमच्या मोरीची मापे आपण उचलू नयेत.

मनोरा मुळीच बांधू नये असे माझे मत आहे. कांदळवन व चिखलपट्टे किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आहेच. पण परवानगी मिळाली तरी उंचावर हालणारी माणसे आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसतात आणि थवा उडतो. विसाव्याला आलेला थवा भरतीच्या वेळी चार वेळा उडाला, तर सायबेरियापर्यंतच्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी येथेच खर्च होते. बांधाच्या जमिनीकडील उतारावरून, डोके बांधाच्या वर न काढता जाणारी वाट आणि तिच्या टोकाला माडाच्या झावळ्यांचे, आडव्या फटी ठेवलेले लपण, एवढे पुरे आहे. आमच्या लपणात सहा माणसे बसतात. छायाचित्रासाठी चिखलात उतरणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, ड्रोन उडवू देत नाही, आणि मोकाट कुत्र्यांसाठी बांधाच्या दोन्ही टोकांना काटेरी कूप केले आहे. सर्वांत जास्त त्रास या कुत्र्यांचा झाला आणि अजूनही होतो. होडीची सफर हवी असेल तर ती मोठ्या खाडीत असावी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीने जी कांदळवन सफर घडवतात, ती अवश्य पाहून यावी.

जमिनीच्या मालकांशी बोलणे हे सर्वांत नाजूक काम आहे. सातबाऱ्यावर आजही ती भातशेतीच असते आणि त्यावर चाकरमान्यांसह वीस-पंचवीस नावे असतात. खारजमिनीशी लोकांचे नाते साधे नाही: आमच्याच खारेपाटात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून शेत पडीक ठेवण्याची झळ सोसली होती. अशा माणसांच्या नातवंडांना जाऊन ‘तुमच्या जमिनीवर आता पक्षी राहतील’ असे सांगणे मला कधीच जमले नाही. आम्ही आधी त्यांना मोरीतून येणाऱ्या जिताड्याबद्दल, चिंबोरीबद्दल आणि आतला बांध पक्का झाल्यावर सुरक्षित होणाऱ्या शेतांबद्दल सांगितले. मासे व खेकडे धरणाऱ्या बायकांचा तेथील वावर आम्ही बंद केला नाही, फक्त हिवाळ्यात भरतीच्या चार तासांत आत जायचे नाही असे सर्वानुमते ठरले, आणि तो नियम त्याच बायका सर्वांत काटेकोरपणे पाळून घेतात.

कायद्याचे संरक्षण हवे असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये, २००२ च्या दुरुस्तीने आलेली समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आपल्या कामाची आहे. खासगी किंवा सामूहिक जमिनीचे मालक स्वेच्छेने पुढे आले तरच ती लागू होते, व्यवस्थापन समितीत सामूहिक जमिनीसाठी ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी व वनविभागाचा एक प्रतिनिधी, तर खासगी जमिनीसाठी मालक, वनविभागाचा प्रतिनिधी व ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतात, आणि एकदा घोषणा झाल्यावर समितीचा ठराव व राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. ही शेवटची अट मालकांना पहिल्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत सांगावी. जमीन सरकारी असेल तर संवर्धन राखीव हा वेगळा मार्ग आहे. यांपैकी काहीही व्हायला वेळ लागतो, तोवर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत या खाजणाची नोंद करून घ्यावी. पुढे कोणी भराव टाकायला आले तर ती नोंद हाताशी असते.

आणि मोजणी आजपासून सुरू करावी, दुरुस्तीच्या आधीपासून. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात आपले खाजण घालता येईल. परंतु आपल्यासाठी महिन्यातून दोनदा, त्याच तिथीला, त्याच जागेवरून, एकाच माणसाने केलेली मोजणी अधिक उपयोगाची ठरेल, कारण फळी एक बोट खाली-वर केल्याचा परिणाम तिच्यातच दिसतो. सुरुवातीला सर्व जाती ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. लहान, मध्यम, मोठा, उभा की खात असलेला, आणि पाणी पायाला कोठवर, इतके लिहावे. येत्या कार्तिक वद्य दशमीला, भरतीच्या दोन तास आधी, फुटलेल्या बांधाच्या मागच्या उतारावर जाऊन बसावे. तोवर बहुतेक पाहुणे पोहोचलेले असतात. सोबत बांबूच्या नोंदींची वही न्यावी आणि पहिला आकडा त्याच वहीत, पातळीच्या शेजारच्या रकान्यात लिहावा.